कोंडातले सेहेचाळीस मासे

मी वर्तमानपत्रात आयुष्यात एकदाच छापून आले, आणि तेही एका चुकलेल्या गणितामुळे. वडिलांनी ते कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी ते वाचावं लागे. राजापूर तालुक्यातले दुर्मिळ मासे नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत, असा मथळा. त्याखाली मी, हातात वही घेऊन. चेहऱ्यावरचा भाव असा की मासे खुशाल नष्ट होवोत, फोटो चांगला यायला हवा. वडील गेले, टेबल माझ्याकडे आलं. दर दिवाळीला मी ती काच पुसते, पण कात्रण काढायला हात होत नाही.

तेव्हा मी रत्नागिरीत समुद्रकाठच्या एका लहानशा मत्स्य केंद्रात संशोधन सहायक होते. पद तात्पुरतं. दर सहा महिन्यांनी ते संपायचं आणि साहेबांनी शिफारस केली तर पुन्हा सुरू व्हायचं. साहेब पुण्याकडचे, शुद्ध शाकाहारी आणि मनानं भले. मासा बाटलीत असला किंवा तक्त्यात असला तर ते त्याला लांबून ओळखत. पाण्यातल्या माशाशी मात्र त्यांचा फारसा परिचय नव्हता. केंद्राच्या मागच्या अंगाला सिमेंटच्या चार टाक्या नुकत्याच बांधून झाल्या होत्या, नद्यांतले दुर्मिळ होत चाललेले मासे आणून जपण्यासाठी. दुर्मिळ होत चाललेले मासे कुठले, हे तेवढं ठरायचं राहिलं होतं. टाक्यांना रंग देऊन झाला होता आणि मुंबईहून त्या बघायला वरिष्ठ येणार होते. कळस आधी चढला होता, खालचा पाया शोधायला मला धाडण्यात आलं.

पाया मिळाला तो राजापूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातून येणाऱ्या एका नदीवर. नदी उन्हाळ्यात जागोजाग तुटते, पण देवळापाशी खडकात एक खोल डोह आहे. आमच्याकडे डोहाला कोंड म्हणतात. या कोंडात मोठ्या खवल्यांचे मासे होते, हातभर लांबीचे. पुस्तकात त्यांना लांबलचक लॅटिन नाव आहे, गावात ते नुसते देवाचे मासे. देवळाच्या पायरीपासून खालच्या काळ्या कातळापर्यंतच्या पाण्यातला मासा कुणी धरायचा नाही, हा नियम. कातळाच्या खाली ज्यानं त्यानं आपलं जाळं टाकावं. ना पाटी, ना कुंपण, ना पोलीस. मासे तेवढे कातळाच्या वरच राहत. त्यांना नियम कुणी सांगितला होता कुणास ठाऊक.

देवळाची पूजाअर्चा एका म्हाताऱ्या गुरवाकडे होती. अंगानं वाळलेला, बोलणं कमी. रोज सकाळी तो नैवेद्याचा भात घेऊन पायरीवर बसे आणि मूठ मूठ पाण्यात टाकी. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पाणी दिसेनासं झालं होतं. पाठीला पाठ लागलेली, एकावर एक चढणारे मासे, आणि भाताची शितं पाण्याला लागायच्या आत नाहीशी. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं कोणीही म्हणालं असतं. पण मी आरसा घेऊन गेले होते, तो वापरल्याशिवाय परत जाणं शक्य नव्हतं.

आरसा म्हणजे एक साधं सूत्र. काही मासे पकडायचे, त्यांना खूण करायची आणि सोडून द्यायचे. ते इतरांत मिसळले की काही आठवड्यांनी पुन्हा पकडायचे. दुसऱ्या खेपेला सापडलेल्यांत खुणेचे जितके थोडे, तितके कोंडातले मासे जास्त. खुणेचे जास्त सापडले तर मासे मुळातच थोडे. खूण म्हणजे माशाच्या पराचा, पोहायच्या पंखाचा, एक कोपरा कापायचा, असं पुस्तकात होतं.

"पर कापायचा?" गुरव म्हणाला. "देवाच्या मासळीचा? बाय, तुजा कान कापला तर तुला चालंल काय?"

मी त्याला समजावलं, की मासे किती आहेत हे कळलं तर ते राखता येतील.

"किती हायत ता कळून काय करायचा? झाकली मूठ ऱ्हाऊ दे की."

पण मी सरकारी कागद घेऊन आलेली, त्यात रत्नागिरीहून उन्हातान्हातून आलेली बाईमाणूस. मला नुसतं नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं ते देवावर सोपवलं. चार मानकरी जमले, गुरवानं देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. डावी पाकळी पडली. म्हणजे नाही. मी वही मिटली. मग गुरव स्वतःशीच काही पुटपुटला आणि मानकऱ्यांना म्हणाला, की पूर्वी नवस फेडायला इथल्या माशाला नथ घालायचे लोक, त्याच्या आजानं घातलेली त्यानं पाहिली आहे. पर कापायला देवाचं नाही, पण नथ घालायला? पुन्हा पाकळ्या लावल्या. या खेपेला उजवी पडली, आणि तीसुद्धा लगेच. माझ्या कामाला देवाची लेखी नाही तरी तोंडी मंजुरी मिळाली होती.

राजापूरच्या बाजारातल्या एका सोनाराकडून मी पितळेच्या तारेच्या बारीक नथी करून घेतल्या. शंभर. कोणासाठी, असं त्यानं विचारलं. माशांसाठी म्हटल्यावर त्यानं मान हलवली आणि मुलीकडची बाजू की मुलाकडची, असं गंभीरपणे विचारलं.

शिमग्याच्या आधी आठवडाभर आम्ही पहिली फेरी केली. पायरीजवळ भात टाकायचा, पाण्याखाली तांदूळ धुवायची मोठी रोवळी धरायची आणि मासा वर आला की अलगद उचलायची. गुरव मासा ओल्या फडक्यात धरायचा, मी वरच्या ओठाच्या कडेला नथ अडकवायची. चाळीस माशांना नथी घालून झाल्या. वाम आणि मरळ हेही त्या कोंडात होते, शिवाय बोटाएवढ्या पाच-सहा जाती. पण सापासारख्या निसटत्या वाम माशाला नथ घालायचा प्रयत्न ज्यानं केला असेल त्यालाच मी सगळ्या जाती का मोजल्या नाहीत ते कळेल. अहवालात त्यांचा उल्लेख 'इतर' असा आला. साठ नथी उरल्या. त्या डब्यासकट गुरवाकडे दिल्या आणि म्हटलं, "काका, या जपून ठेवा देवळात." त्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शिमगा झाला. त्या वर्षी गावात शिमग्याला पुरुष नेहमीपेक्षा जास्त होते, कारण ते परत जाणारच नव्हते. मुंबईच्या गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. पालखी नाचवून झाल्यावर एरवी जे चौथ्या दिवशी एस.टी. पकडत, ते देवळाच्या सावलीत बसून विड्या ओढत होते. हे सगळं मी पाहिलं, पण माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

तीन आठवड्यांनी दुसरी फेरी केली. पुन्हा भात, पुन्हा रोवळी. पहिल्या माशाला नथ. दुसऱ्याला नथ. तिसऱ्याला नथ. पंचेचाळीस मासे उचलले, त्यांतल्या एकोणचाळिसांना नथी होत्या. मी पायरीवर बसून सूत्रात आकडे घातले. उत्तर आलं सेहेचाळीस.

मी समोर पाहिलं. गुरवानं उरलेला भात टाकला होता आणि पाणी नेहमीसारखंच दिसेनासं झालं होतं. मी वहीत पाहिलं. सेहेचाळीस. पुन्हा भागाकार केला. तोच. माणसानं शिक्षण घेतलेलं असलं की अशा वेळी तो डोळ्यांवर शंका घेतो, वहीवर घेत नाही.

"किती झालं?" गुरवानं विचारलं.

"सेहेचाळीस."

तो हसला. मी थट्टा करते आहे असं त्याला वाटलं.

साहेबांना मात्र तो आकडा फार आवडला. सेहेचाळीस म्हणजे अगदी नेमकी, टाक्यांच्या मापाची दुर्मिळता. त्यांनी त्याच संध्याकाळी अहवाल टाइप करायला दिला, खाली माझी सही घेतली आणि मुंबईला धाडला. वर्तमानपत्रवाला आला, फोटो काढला. वडिलांनी काच आणली. मुंबईहून उत्तरही लवकर आलं: त्यांतले वीस मासे संवर्धनासाठी तातडीनं केंद्रात हलवावेत.

हे सांगायला आणि उरलेल्या नथी आणायला मी गावात गेले. गुरवानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजवर ह्या पान्यातला मासा भायेर गेलेला नाय. तू उचललास तो परत सोडलास, म्हनून देवानं कौल दिला. एकदा सरकारनं नेला, आनि लोकांनी बघितला, की मग मी कोनाला नको म्हनू?"

मी विषय बदलायला डबा मागितला. त्यानं तो आणून दिला. रिकामा.

"नथी कुठं गेल्या?"

"सपल्या की. शिमग्यात बायांनी घातल्या." मला कळलं नाही असं बघून त्यानं सावकाश सांगितलं. ज्यांचे घरधनी गिरणी बंद म्हणून घरी बसले होते, त्या बायका देवळात आल्या. गिरणी सुरू होऊ दे, त्याला पुन्हा कामावर घेऊ दे, म्हणून एकेकीनं नवस केला आणि नवसाची नथ एकेका माशाला घातली. गुरवानं मासा धरून दिला. जे मासे हाताला येतात तेच नथीला आले, आणि तेच नंतर माझ्या रोवळीत आले.

"पण त्या माझ्या होत्या, काका."

"देवळात ठेवलास ना? म्हंजे देवाच्याच झाल्या."

यात त्याची चूक कुठे होती, ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही. मी पायरीवर बसले. मी मासे मोजलेच नव्हते. मी त्या पंचक्रोशीतल्या बेकार गिरणी कामगारांची मोजदाद केली होती आणि तिला लॅटिन नाव दिलं होतं.

"तूच लिवलास ना सेहेचाळीस?" गुरव म्हणाला. "मग आता दुसरा लिव. आकडा चुकला म्हनून लिव. तेवढा कागद दे मला."

"देते," मी म्हटलं. खरंच देणार होते.

साहेबांनी माझं सगळं बोलणं चष्मा पुसत ऐकलं. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "अहो, गेलेला आकडा परत आणता येत नाही. आणि सही तुमची आहे." मग चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी काळजीनं विचारलं, "तुमची मुदत याच महिन्यात संपते ना?" त्यांचा आवाज अगदी मायेचा होता. त्यांनी दम दिला असता तर कदाचित मी भांडलेही असते. माझ्यात तेवढा तापटपणा आहे, घरात तर तो सगळ्यांना पुरून उरतो. पण त्या दिवशी मी मूग गिळून गप्प बसले. वडिलांची काच, माझी मुदत, आणि चौकशी झालीच तर आपलं हसं होईल ही भीती. कारणं इतकी साधी होती, की नंतर त्यांची लाज वाटायला मला फार विचार करावा लागला नाही.

आठ दिवसांनी आमची जीप पाण्याची पिंपं घेऊन कोंडावर उभी राहिली. "लिवलास?" गुरवानं एवढंच विचारलं. "लिहिते," मी म्हटलं. त्यानं जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो देवळात जाऊन बसला. त्या दिवशी मासा धरायला तो आला नाही. भातसुद्धा मलाच टाकावा लागला. मासे आले, कारण भात कोण टाकतं याची ते चौकशी करत नव्हते. पायरीशी जे सगळ्यांत माणसाळलेले, तेच सापडले. वीस मासे, आणि विसांच्याही ओठात नथ.

गाव काठावर उभं होतं. पिंपाचं झाकण लावताना एक बाई पुढे आली. माझ्याच वयाची असेल. तिच्यामागे तिचा नवरा उभा होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला, मुंबईची सवय न सुटलेला.

"बाय, ह्यातली येक नथ माजी हाय," ती हळूच म्हणाली. "ह्यांच्या नावाची. मासा तिकडं नेलास तरी नवस पोचंल ना?"

"पोचेल," मी म्हटलं.

अहवालातला आकडा निदान नकळत चुकला होता. हे मात्र मी चांगलं समजून उमजून बोलले.

टाक्यांत मासे सुरुवातीला नीट राहिले. टाकीवर पाटी लागली, जात, कूळ, आढळ आणि तळाशी 'भात अथवा अन्य खाद्य टाकू नये'. त्यांच्यासाठी पेंड आणि सुक्या जवळ्याच्या गोळ्या होत्या. मासे त्या गोळ्यांकडे बघतसुद्धा नसत. ते टाकीच्या कडेशी, वर तोंड करून, रांगेनं थांबत. कुणी तरी पायरीवर येईल आणि मूठ उघडेल, अशी त्यांची समजूत असावी. मी दुपारी साहेब जेवायला घरी गेले की माझ्या डब्यातला भात त्यांना घालायची. ते माझ्या बोटांतून घ्यायचे. मला फार बरं वाटायचं आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटायचं.

वैशाखात वीज जायला लागली आणि हवेचे पंप बंद पडायला लागले. वाहत्या पाण्यातला मासा साचलेल्या पाण्यात किती दिवस टिकणार? एकेक करून ते उताणे व्हायला लागले. नोंदवहीत 'मृत्यूचे कारण' या रकान्यात 'परिस्थितीशी जुळवून न घेतल्यामुळे' असं लिहायचं ठरलं होतं. म्हणजे दोष माशाचा. प्रत्येक मासा गेला की मी त्याची नथ काढून त्याच रिकाम्या डब्यात ठेवत असे. मुंबईचे वरिष्ठ अखेर आले तेव्हा जिवंत मासे तीन होते. मेलेल्यांतला एक साहेबांनी बाटलीत घालून ठेवला होता, नथीसकट. ही कसली कडी, असं वरिष्ठांनी विचारलं. "मोजणीची खूण," साहेब म्हणाले. वरिष्ठांनी मान डोलावली आणि टाक्यांच्या रंगाचं कौतुक केलं. माझी मुदत वाढली. पुढच्या वेळीही वाढली. पावसाळा संपेपर्यंत ते तीनही गेले. बाटलीतल्या माशाची नथ मी एका दुपारी काढून घेतली. ते साहेबांच्या लक्षात आलं नाही, खूण नसलेला मासाही त्यांना तेवढाच चालत होता.

पुढच्या शिमग्याला मी तो डबा घेऊन गेले. रत्नागिरीहून पालीमार्गे राजापूरला एस.टी.नं, आणि तिथून पुढे गावाच्या गाडीनं. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. कोंडावर पोचले तेव्हा काळ्या कातळाच्या वरच्या बाजूला, देवळाच्या अगदी समोर, दगडांवर जाळं वाळत पडलेलं होतं.

गुरव पायरीवर होता. मला बघून त्यानं सरकून जागा दिली. जाळं कुणाचं, असं मी विचारलं.

"तुला नथीचा इचारनारी ती बाय. तिच्या घोवाचा." त्यानं जाळ्याकडे बोट केलं. "गिरणी काय चालू झाली नाय. पोट हाय त्याला. मी नको म्हनायला गेलो तर तो बोलला, सरकारनं पिंप भरून नेले तवा तुमी कुठं व्हता? मग बाकीचं पन यायला लागलं."

मी डबा पुढे केला. त्यानं उघडून बघितला. वीस नथी होत्या, पितळ पार काळं पडलेलं. एकही मासा परत आला नाही हे त्याला त्यावरून कळलं, मला सांगावं लागलं नाही. त्यानं डबा आत नेऊन देवापुढे ठेवला आणि बाहेर येताना नैवेद्याचा भात घेऊन आला.

त्यानं मूठभर भात टाकला. मासे आले. पाणी दिसत होतं, खालचे दगडही दिसत होते, आणि मासे एकेकटे, वेगवेगळे, आपापली शितं शोधत फिरत होते. त्यांतल्या काहींच्या ओठात नथी होत्या. मी काही ठरवलं नव्हतं, पण माझे ओठ हलत होते. ते त्याच्या लक्षात आलं.

"किती झालं?" त्यानं विचारलं.

"चव्वेचाळीस," मी म्हटलं. "एखाददुसरा खाली राहिला असेल."

त्यानं उरलेला भात पाण्यात टाकला. मग म्हणाला, "म्हंजे तू बरोबरच लिवलं व्हतंस, बाय. आमालाच दिसत नव्हता."

तो टोमणा मारत असेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून बोलत होता.